वासाची नोंदवही

आर्लीन टीसेनला पगार मिळायचा तो वास घेण्याचा. अर्थात नेमणूकपत्रात तसं लिहिलेलं नव्हतं. पोर्ट एनिस गावच्या कचेरीत ती नियम-अधिकारी होती. कुणाचं कुत्रं मोकाट सुटलंय, कुणी दारासमोरचा बर्फ उपसला नाही, कुणाच्या अंगणात गवत गुडघ्याला लागलंय, असल्या भानगडी निस्तरण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. मग देशात गांजा कायदेशीर झाला, सरोवराकाठची काकडीची काचघरं एनिसलीफ कंपनीने विकत घेतली, आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या काचघरांच्या तीन कोपऱ्यांवर पाच-पाच मिनिटं उभं राहून हवा हुंगायची, शून्य ते पाच यांपैकी एक आकडा वहीत टाकायचा, हे कामही तिच्याच गळ्यात पडलं. शून्य म्हणजे काही नाही, पाच म्हणजे उभं राहवत नाही. एकसष्टाव्या वर्षी माणसाला काय काय करावं लागेल याचा नेम नाही.

फुलोऱ्यावर आलेला गांजा थेट स्कंकसारखा घाण मारतो. रस्त्यात एखादं स्कंक गाडीखाली आलं, तर ते काळंपांढरं जनावर मांजराएवढंच असलं तरी त्याचा दर्प मैलभर नाकातून जात नाही. गांजाचं तसंच. पहिली दोन वर्षं कचेरीतला फोन सारखा घणघणत होता. चर्चच्या तळघरात रजया शिवायला बसणाऱ्या बायका फोन करायच्या, शाळेचे मुख्याध्यापक करायचे, आणि मिसेस फ्रोझे तर वाळत घातलेल्या चादरी उचलून कचेरीत आणायची आणि आर्लीनच्या टेबलावर टाकून म्हणायची, "घे, हुंग. यावर झोपून दाखव."

मग कंपनीचा शेअर चढायला लागला. आधी मास्तरांनी घेतले, मग न्हाव्याने, मग औषधाच्या दुकानवाल्याने. चर्चची मंडळी पत्त्याच्या डावालाही हात लावणारी नव्हेत, पण शेअर म्हणजे जुगार नव्हे असं पाद्र्याच्या मेहुण्याने कुणाकुणाला समजावलं, आणि समजून घ्यायला सगळेच उत्सुक होते. मिसेस फ्रोझेनेही घेतले. त्या वसंतापासून गावाचे फोन बंद. आपल्याच पैशाला घाण येते अशी तक्रार कोण करणार? कंपनीने मात्र वार्षिक अहवालात रंगीत चित्रासकट छापलं, की आम्ही हवेच्या नव्या गाळण्या बसवल्या आणि तक्रारी संपल्या. आर्लीनने ते वाचलं, अहवाल खणात टाकला आणि कुत्र्यांच्या परवान्यांचं काम पुढे ओढलं.

ती काचघरं तिच्या बापाची. बापानंतर भाऊ कॉर्नीची. सदुसष्ट वर्षांचा कॉर्नी आणि त्याची बायको टीना अजून रस्त्यापलीकडच्या त्याच घरात राहत होती, समोरच्या ओसरीतून दिवसभर आपलीच जुनी काच बघत. कंपनीने कॉर्नीला काचघरांची किंमत थोडी रोखीने दिली, तिच्यात बँकेचं कर्ज फिटलं. बाकी सगळी शेअरांत दिली. काच उन्हाळ्यासाठी चुना मारून पांढरी केलेली, भोवती कुंपण, कुंपणावर कॅमेरे. चाळीस वर्षं ज्या दारातून तो आतबाहेर करत होता, त्या दाराशी आता पहारेकरी त्याला नाव विचारायचा. माल भरायच्या कामासाठी बस भरभरून माणसं लांबून येत आणि संध्याकाळी तशीच परत जात. आत काय चाललंय हे गावाला फक्त वासावरून कळायचं.

जानेवारीत अर्ध्या गावाला आला तो ताप आर्लीनलाही आला आणि तिची वासाची जाण घेऊन गेला. कांदा, कॉफी, साबण, सगळं पाण्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. फेब्रुवारीत तिने महिनाभर रजा काढली. मार्चच्या दोन तारखेला ती पश्चिमेच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली, पाच मिनिटं नाक वर करून हवा ओढली, आणि तिला काही म्हणजे काहीच आलं नाही.

निवृत्तीला एक वर्ष दोन महिने राहिले होते. ज्या बाईला वास येत नाही तिला वासाच्या कामावर कोण ठेवणार? वरिष्ठ डग हिशेबी माणूस, त्याने दुसऱ्याच दिवशी तिला घरी बसवलं असतं. आर्लीनने गाडीत बसून वहीची मागची पानं उलटली आणि गेल्या वर्षी याच आठवड्यात काय लिहिलं होतं ते पाहिलं. तीन, दोन, तीन. तेच उतरवलं. वाऱ्याची दिशा मात्र खरी लिहिली. तेवढा प्रामाणिकपणा तिने पुढचे पाच महिने न चुकता पाळला.

नाक परत आलंय का, हे ती कोपऱ्यावर उभी राहून, गांजाचा वास येतो का यावरूनच तपासायची. मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही. म्हणजे नाहीच आलेलं. कधी घरी सकाळी कॉफीचा वास आल्यासारखा वाटायचा, पण इतकी वर्षं प्यायलेल्या कॉफीचा वास काय, नुसत्या आठवणीनेही येतो, असं म्हणून ती सोडून द्यायची. एकटी राहणारी बाई, कुणाला विचारणार? मे महिन्यात एका शुक्रवारी कॉर्नीने कधी नव्हे तो कचेरीत फोन केला. "आज वास कसा आहे गं पश्चिमेचा?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तीन." तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. तिला जरा नवल वाटलं, पण तेवढ्यात कुणाचा तरी बोकड शाळेच्या मैदानात शिरल्याची वर्दी आली.

ऑगस्टच्या एका सोमवारी टोरांटोहून इयान प्रुइट नावाचा माणूस आला. पन्नाशीचा, सुरकुतलेला कोट, डोळे लाल, हातात कागदी रुमालांचा डबा. ज्या कंपन्यांवर गुंतवणूकदारांचा भरवसा उरत नाही त्यांचं पाणी जोखून बघायचं, हा त्याचा धंदा. गेल्या तीन वर्षांच्या वासाच्या नोंदी बघायला मिळाव्यात असा त्याने रीतसर अर्ज केला होता.

"बसा," आर्लीन म्हणाली. "तुम्हाला कंपनी सोडून आमची वही कशाला हवी?"

"कंपनीची वही कंपनी लिहिते," तो म्हणाला आणि तीनदा शिंकला. "माफ करा. एनिसलीफ म्हणते, पश्चिमेची दोन्ही काचघरं फुलोऱ्याने भरलीत. झाडं मातीत असतानाच त्यांची किंमत नफ्यात धरतात. नियमाने चालतं ते."

"म्हणजे गाय गाभण आहे तोवरच दूध मापून ठेवायचं."

"बरोब्बर. आणि मला शंका आहे, की गोठ्यात गायच नाही."

"मग जाऊन हुंगून या ना. रस्ता सगळ्यांचा आहे."

"गेलो होतो हो. पण ऑगस्ट आहे. रॅगवीड तणाचे पराग उडतात. या महिन्यात कुणी माझ्या नाकाखाली सडका मासा धरला तरी मला कळणार नाही." त्याने रुमाल ओढला. "आणि कळलं, तरी माझ्या नाकावर कोण विश्वास ठेवतो? शंका काढण्याचेच तर मला पैसे मिळतात. तुम्हाला आकडा कुठलाही पडला तरी पगार तोच, म्हणून तुमची वही."

आर्लीनने वही पुढे सरकवली. तो एकेक पान बोटाने वाचत गेला. पश्चिम कोपरा: तीन, तीन, दोन, तीन. मार्च, एप्रिल, मे. तिचे कान गरम झाले. आकडे आपण उतरवलेत हे खरं, पण झाडं तर आत आहेतच ना, मग कुणाचं काय बिघडलं, असं ती मनातल्या मनात स्वतःला सांगत राहिली. आपलं नाक गेलं म्हणून काही पीक जात नाही.

प्रुइटने वही मिटली. "झाडं आहेत म्हणजे."

"वहीत आहे ते आहे," आर्लीन म्हणाली.

"मला वाटलं होतं, या खेपेला सापडले." तो दमल्यासारखा हसला. "मी चुकलो की चुकलो असं लिहितो. लोकांना ते शंकेपेक्षाही आवडत नाही."

गुरुवारी त्याने खरंच तसं लिहिलं. गावच्या कचेरीच्या नोंदी कंपनीच्या म्हणण्याला दुजोरा देतात, असं एक वाक्य. त्या एका वाक्याने शेअर वर गेला, न्हाव्याने दुकानात फुकट कॉफी ठेवली आणि मिसेस फ्रोझे आर्लीनला रस्त्यात थांबवून म्हणाली, "देव तुझं भलं करो."

रविवारी चर्च झाल्यावर आर्लीन भावाकडे फास्पाला गेली. रविवारच्या दुपारचं ते थंड, हलकं खाणं त्यांच्या आईच्या वेळेपासून चालत आलेलं. ऑगस्टात मात्र थंड काही नसायचं. टीना ताजे रोलकुकन तळायची आणि सोबत कलिंगडाच्या फोडी. ओसरीवर तिघं बसली. समोर पांढरी काच उन्हात चमकत होती.

"कंपनीने आम्हा जुन्या मालकांना नवे शेअर देऊ केलेत," कॉर्नी तळलेल्या पिठाचा तुकडा मोडत म्हणाला. "स्वस्तात. फक्त आम्हालाच."

"रविवारी धंद्याचं नको," टीना म्हणाली.

"बरं, मग सोमवारचं म्हणून सांगतो. घर आणि सरोवराकडची पट्टी बँकेत ठेवतोय. बुधवारी सही."

आर्लीनने हातातला तुकडा ताटलीत ठेवला. ती पट्टी म्हणजे बापाच्या जमिनीतला शेवटचा तुकडा, आणि घर म्हणजे हेच. "अरे, थोडी वाट बघ ना. घाई काय आहे?"

"वाट कशाची? तो टोरांटोचा शंकासूर, त्याचं पोटच शंकेवर चालतं, त्यानेसुद्धा हात टेकले. आणि कशापुढे टेकले? तुझ्या वहीपुढे!" कॉर्नीने कलिंगडाची फोड तिच्याकडे केली. "बाबा म्हणायचे, आमची आर्ली खोटं बोलायला गेली की आधी तिचे कान लाल होतात."

"तू सांग गं त्याला काहीतरी," टीना हळूच म्हणाली. ती कॉर्नीकडे बघत नव्हती. सुरीने कलिंगडाच्या बिया एकेक करून ताटलीच्या कडेला लावत होती.

 आर्लीनने केस कानांवर ओढले. स्वयंपाकघरातून गरम तेलाचा वास आल्यासारखा वाटला, पण तेल समोरच दिसत होतं, त्यामुळे तो खरा की भास, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता ती फेरीला निघाली. गाडीच्या काचा लावलेल्या, पंखा चालू. पश्चिमेच्या वळणाच्या अलीकडे तिच्या नाकात काहीतरी असं घुसलं की तिने गाडी कडेला घेतली. तीच घाण. कडू, तिखट, घशाला बसणारी. तिचे डोळे भरून आले. पाच महिने! नाक आलं परत! आणि झाडंही आहेत, चांगली तरारून फुललेली आहेत, कॉर्नी वेडा नाही, मीही कुणाला बुडवलं नाही. ती बडबडत, हसत, नाक शिंकरत कोपऱ्याशी पोचली. आज वहीत खरा आकडा पडणार होता. चारसुद्धा पडला असता.

ती उतरली, कोपऱ्यावर उभी राहिली. वारा काचघरांवरून सरळ तिच्या तोंडावर येत होता. तिने नाक वर केलं. एक मिनिट. दोन मिनिटं. ओल्या सिमेंटचा वास आला. धुलाईच्या औषधाचा आला. शेजारच्या शेतातल्या टोमॅटोच्या पानांचा आला, आणि पार तळाशी, उन्हाने तापलेल्या सरोवराचा, मेलेल्या माशांचा. इतके वास एकदम आले की तिला भोवळ आल्यासारखं झालं. गांजाचा मात्र नव्हता. पाच मिनिटं झाली, तिने आणखी पाच घेतली. नव्हताच.

मग ती आल्या रस्त्याने चालत मागे गेली. वळणावर डांबराच्या कडेला स्कंक मरून पडलं होतं. सकाळीच कुणाच्या तरी चाकाखाली आलेलं असावं, माशा नुकत्या कुठे बसत होत्या. आर्लीन त्याच्याजवळ उभी राहिली. तो सगळा दर्प तिथूनच येत होता. तिचं नाक शाबूत होतं, कदाचित एप्रिलपासूनच शाबूत होतं, आणि काचघरात काही नव्हतं.

तिला फार थकवा आला. गाडीत बसून परत कचेरीत जावं, तीन लिहावं, नऊ महिन्यांनी निवृत्तीचा केक कापून घरी जावं, असं तिला वाटलं. हे तिने पुढे कधी कुणापासून लपवलं नाही. वही मांडीवर घेऊन ती थोडा वेळ बसली. मग रस्ता ओलांडून भावाच्या घरी गेली.

कॉर्नी ओसरीवर जाळीच्या दाराचे खिळे ठोकत होता. आर्लीनने पायरीवर उभं राहूनच सगळं सांगितलं. ताप, नाक, गेल्या वर्षीचे आकडे, प्रुइट, स्कंक. सांगताना एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. टीना दारात येऊन उभी राहिली होती.

कॉर्नीने हातोडी खाली ठेवली. तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मलाही मार्चपासून येत नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"वास. समोर राहतो आर्ली मी. चाळीस वर्षं त्या काचेखाली काढलीत. ओसाड काचघराला कसला वास येतो ते मला नाही कळणार? ओल्या सिमेंटचा वास येत होता. हिलापण येत होता." त्याने टीनाकडे हात केला. "पण तुझ्या वहीत तीन होतं. मी म्हटलं, रोजच्या घाणीने आपलं नाक मेलंय. म्हातारे झालो."

"मी सांगत होते तुम्हाला," टीना म्हणाली.

"सांगत होतीस. मी म्हटलं, आर्ली लिहिते ते खरं."

आर्लीन पायरीवरच बसली. "उद्या सही करू नकोस. आणि ऐक, मी वही आज दुरुस्त करत नाही. उद्या दुपारी करते. तोवर बाजार चालूच आहे. तुझे आहेत ते सगळे विकून टाक."

"कुणाला?"

"बाजारात रे. कुणालाही."

"कुणालाही म्हणजे कुणाला? कुठल्यातरी गावात कुणीतरी कॉर्नीच बसला असेल ना घ्यायला? किंवा आपली फ्रोझे." तो जुन्या खुर्चीत टेकला. त्याचा चेहरा एकदम बापासारखा दिसत होता. "बाबांनी खोक्याच्या तळाला सडकी काकडी कधी घातली नाही. मी आता या वयात घालू?"

"कॉर्नी, तुझं सगळं जाईल."

"ते गेलंय गं. आज कळलं एवढंच." तो टीनाकडे वळला. "घर राहिलं. पट्टी राहिली. उद्या गेली असती."

 टीना आत गेली आणि कॉफी टाकल्याचा आवाज आला.

"माझी नोकरी जाईल," आर्लीन म्हणाली.

"जाईल." त्याने ओसरीवरचं टेबल तिच्यापुढे ओढलं. "वही काढ. आत्ताच करू. उद्यापर्यंत ठेवलीस तर तुला मोह होईल, आणि मलाही होईल."

सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. पाच महिन्यांच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीचे तीन कोपरे. आर्लीनने पेन उघडलं. कॉर्नीने चष्मा लावला आणि तिच्या शेजारी बसून तारखा वाचायला लागला.

"मार्च दोन."

तीनवर रेघ. शून्य. सही. दोनवर रेघ. शून्य. सही.

"मार्च पाच."

ऊन ओसरीच्या कडेवरून आत सरकत आलं. टीनाने दोन कप ठेवले आणि बाजूला उभी राहून बघत राहिली. कॉफीचा वास आला, चांगला दाट आला, आणि आर्लीनला तो नकोसा झाला. समोर बस आली, माणसं उतरली, पहारेकऱ्याने दार उघडलं आणि लावलं. एप्रिल संपला. तिचा हात दुखायला लागला होता, सही वाकडी व्हायला लागली होती. प्रुइटला एक प्रत पाठवावी लागेल, ती म्हणाली. कॉर्नी म्हणाला, पाठव, बिचाऱ्याला फुकट चुकीचं लिहावं लागलं.

"मे अकरा."

रेघ. शून्य. सही.

पुढची तारीख कॉर्नीने वाचली नाही. आर्लीन पेन धरून थांबली. तिने वर पाहिलं, तर तो चष्मा काढून समोरच्या काचेकडे बघत होता.

"मे चौदा," तो म्हणाला. "शुक्रवार. त्या दिवशी शेअर सगळ्यात वर होता. सकाळी मला काही वास आला नाही, म्हणून मी सगळे विकायला गाडीत बसलो होतो. किल्ली फिरवली. मग म्हटलं, एकदा आर्लीला विचारावं."

टीनाने खांबाला हात लावला.

"लिही," कॉर्नी म्हणाला.

आर्लीनने तीनवर रेघ मारली, शेजारी शून्य लिहिलं आणि सही केली. मग तो पुढची तारीख वाचू लागला.